अडीच फुटी फळ्या

बर्च लाकडाच्या तयार कापलेल्या फळ्यांच्या दुकानात रांग होती. बिजागऱ्या घ्यायला आलेल्या शिक्षकाच्या पुढे एक वयस्कर जोडपं होतं. बाई चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"अहो, या तीन फुटी कशाला उचलल्यात?"

"स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायांना. टेबल बरोबर तुझ्या कमरेला येईल."

"उभी राहिले तर ना? अडीच फुटी घ्या."

"ते अभ्यासाचं टेबल होईल."

"मग अभ्यास करेन. डॉक्टर सांगत होते तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात."

"कान आतच होते माझे. पण लांब फळी मागाहून कापता येते. आखूड फळी वाढवता येत नाही."

"आणि तोवर भाजी कुठे चिरू? मांडीवर?"

दुकानदाराने दोरी हातात घेतली. "काका, कुठल्या बांधू?"

म्हातारबांनी तीन फुटी फळ्या एकेक करून परत रचल्या. शिक्षकाने शेवटची धरायला हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही.

"अडीच फुटी द्या. आणि कडा घासून द्या. हिचे गुडघे लागतील."

"नका घासू हो," बाई दुकानदाराला म्हणाल्या. "नुसता घासकागद द्या. ते बसून करायचं काम आहे, मी करेन."