रुख्मिणीबाईचा दम

...अन् वरून मालक म्हने, एंटर काहाडा! सबन एंटर काहाडा! आता एंटर म्हंजे काय पायातला काटा होय काय बाप्पा, सुई घातली अन् काहाडला? तुमाले सांगतो, लोकाइले वाटते कंप्युटरचं काम म्हंजे आरामाचं काम, खुर्चीवर बसाचं, पंख्याखाली बसाचं... अरे, बसून तं पाहा एखांद्या दिवशी! जुनं पुस्तक मशीनखाली ठेवलं का मशीन त्याचा फोटो काहाडते, अन् फोटोतून अक्षरं वाचते, हे ठीक. पन त्या येडीले एवढंच समजते का कागद संपला म्हंजे ओळ संपली! छापनाऱ्यानं जागा नोयती म्हून शब्द खाली आनला, तं हे तथी एंटर मारून मोकळी! 'पाटलानं सुनेच्या डोक्यावर', एंटर, मंदात पान नंबर सत्तेचाळीस, आनखी एंटर, 'हात ठेवला'. आता सुनेच्या डोक्यावर हात ठेवला का सत्तेचाळीस ठेवले, हे कोन ठरवन? आमी! अन् परिच्छेद चुकीचा जोडला तं त्याच्याहून बेकार. 'बुढ्याले सरनावर ठेवून मंडळी परतली. लाडू मोठे खमंग झाले होते.' गेला का नाही बुढा लाडवात?

आमचं आफिस अमरावतीले, बसस्टँडच्या मांगं, दुसऱ्या माळ्यावर. खाली टेलर, वर आमी. तो कपडा जोडे, आमी ओळी. मालक किसनराव. ह्या मानसाचं आधी बियाण्याचं दुकान होतं, पन बोंडअळीच्या वर्सी लोकाइनं उभ्या पराटीत, म्हंजे कपाशीत, रोटावेटर फिरवला, दुकानात भांडाले सबन येत, घ्याले कोनी येईना, तवा यानं शटर पाडलं अन् मुंबईच्या एका संस्थेचं काम घेतलं... वऱ्हाडातली जुनी पुस्तकं कंप्युटरवर चढवाचं! ज्यानं जिंदगीभर सरकीच्या थैल्या विकल्या त्याले पुस्तकातलं काय समजन? पन एक नियम त्यानं पाठ केला होता, अन् रोज सकाळी, उदबत्ती लावता लावता, मंत्र म्हनल्यासारखा म्हने: "ओळ तुटली म्हून वाक्य तुटत नाही! जोडा!"

जोडनारी कोन? माहेनूर. मी देवमन, मी फक्त मशीनखाली पानं ठेवनारा, माहं डोकं त्यात नाही. माहेनूर अंजनगाव सुर्जीची, मराठीत एम.ए., बोलनं आपल्यासारखंच, फक्त भेव लागलं का हिंदीत घुसे. पहिल्या दिवशी किसनराव म्हने, "बाई, शुद्ध मराठीचं काम हाये, जमन का तुमाले?" ती म्हने, "जमन न भाऊ. दरवाजावर तुमी 'पुस्तक'चा पु दीर्घ लिहिला, तो आधी पुसू का?" तवापासून किसनराव तिले म्याडम म्हने.

तं एक दिवस पेटीतून निंघालं एक बारकंसं पुस्तक. पिवळं पडलेलं, अकोल्यात छापलेलं. रुख्मिणीबाई नावाची एक बाई, जिनिंगमंदी मजूर होती, म्हंजे कापसातून सरकी काहाडून रुई मोकळी करतात त्या कारखान्यात. तिनं आपल्या आठवणी सांगितल्या अन् तिच्या पोरानं, सहदेवनं, बसून लिहून घेतल्या. उघडून पाह्यतो तं काय! एका ओळीत दोन शब्द, लय झाले तं तीन, बाकी पान कोरं. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, काहीच नाही!

किसनराव पाह्यते अन् म्हने, "कागद फुकट भेटला होता काय यायले? जोडा!"

माहेनूर म्हने, "भाऊ, पन हे असंच लिहिलं असन तं?"

"कविता हाये काय?"

"कवितेवानी नाही लागत."

"मंग? ओळ तुटली म्हून वाक्य तुटत नाही!"

अन् तिनं जोडलं, बाप्पा. एक बटन दाबलं अन् सबन एंटर गेले... जसा पराटीवरून रोटावेटर. मंग आपल्या मनानं पूर्णविराम टाकले, परिच्छेद पाडले, पान कसं गच्च भरलं. मूळ पुस्तक अन् मूळ फोटो पेटीत बंद होऊन मुंबईले रवाना झाले, आमच्यापाशी उरली एक जोडलेली फाईल. झालं का नाही काम? नाही झालं! तथून तं सुरू झालं!

आमच्यात रीत अशी, का फाईल पक्की कराच्या आधी मोठ्यानं वाचून पाहाची. मे महिना, दुपारची येळ, कुलर घरघर करून राह्यला, मी इकडे पानं लावून राह्यलो, अन् माहेनूर वाचून राह्यली: "रुई उडे नाकात जाये मुकादम म्हने खोकू नोको मशीन थांबते मी म्हटलं मशीन नाही थांबत मानूस थांबते..." अन् वाचता वाचता ती टेबल धरून उभी राह्यली. छातीवर हात. डोये मोठे.

"देवमनभाऊ, कोन धापा टाकून राह्यलं?"

मी म्हटलं, "कुलर होय."

कुलर बंद केला. म्हने, "नाही." पंखा बंद केला. "नाही." तेवढ्यात लाईटच गेली, अमरावतीची लाईट, तिचा काय भरोसा! खालच्या टेलरची मशीन थांबली, सबन कसं सुन्न. माहेनूर म्हने, "सुनो... अबी बी आ रही." माह्या आंगावर हा असा काटा! मी म्हटलं, "बाई, तुहाच दम होय तो, घाबरली तू, दुसरं काय?" तं तिनं काय करावं? नाक दाबलं. तोंड मिटलं. अन् माह्याकडे पाहून मान हालवली... का आवाज थांबला नाही! आता मले आवाज आला असं मी म्हनत नाही बाप्पा, मी कायले म्हनू? पन मी बी नाक दाबून पाह्यलं. अन् नेमके तवाच किसनराव आत! आमी दोघंबी नाक धरून समोरासमोर उभे. म्हने, "काहून? काही मेलं काय अथी?"

आता याले काय उत्तर द्यावं तुमीच सांगा!

मंग रोजचंच झालं. दुसरं कोन्तंबी पुस्तक वाचे तं धडधड वाचे, पन ही फाईल उघडली का तिसऱ्या ओळीले तिले धाप लागे. घरी गेली का जेवता जेवता घास हातात धरून ऐकत बसे. चेहरा उतरला पोरीचा. किसनराव म्हने, डाक्टरले दाखवा. दाखवलं. डाक्टर म्हने छाती साफ हाये. अरे, छाती साफ हाये तं मंग कोनाची भरून राह्यली?

एक दिवस खाली चहाच्या गाडीवर तिनं कप तसाच ठेवला अन् म्हने, "भाऊ, अम्मी असंच बोले." तिची माय, खातूनबी, अंजनगावच्या जिनिंगमंदी होती, मांगच्या उन्हाळ्यात गेली. छातीत रुई बसली होती बुढीच्या. "दोन शब्द बोले, थांबे, छाती भरे, मंग समोरचे दोन शब्द. अन् मी तिच्यावर चिडो, भाऊ. म्हनो, अम्मी, जल्दी बोल ना, बस जायेगी मेरी!" मंग माह्याकडे न पाहता म्हने, "त्या ओळी नोयत्या. तो दम होता. जथी दम संपे तथी पोरगा खाली लिहे. मी त्या बाईचा सबन दम काहाडून घेतला... आता ती मले मांगून राह्यली."

किसनरावले सांगितलं तं तो म्हने, "म्याडम, ओळ तुटली म्हून..." पन तिनं असं पाह्यलं त्याच्याकडे, का अर्धं वाक्य त्याच्या तोंडातच तुटलं. मंग मुंबईले फोन लावला, तं तिकडून कोनी बाई, आवाज कसा श्रीखंडात घोळलेला: "हे बघा, मूळ प्रती आता गोदामात गेल्या आहेत हं, त्या काही लगेच उपलब्ध होणार नाहीत." लगेच म्हंजे कवा? "तसं काही सांगता येणार नाही हं." हं म्हने! यायच्या हंच्या पायी इकडे पोरगी सुकून चालली!

फाईलच्या शेवटी सहदेवचा पत्ता होता, जुनं शहर, अकोला. माहेनूर म्हने, मी चालली. आता एकटी कशी जाऊ द्याची? मी बी निंघालो. एष्टी मूर्तिजापूरवरून, दोन्ही बाजूले काळी वावरं उघडी पडलेली, ढेकलं निस्ते, अन् खिडकीतून गरम वारं असं लागे का कोनी तोंडापाशी उसासे टाकून राह्यलं. मी म्हटलं, माहेनूर, काच लाव. ती म्हने, "राहू द्या. तिले हवा पाह्यजे." कोनाले पाह्यजे हे मी इचारलं नाही. मी माही बाजू बदलून बसलो.

सहदेव भेटला. बुढा मानूस, सायकल दुरुस्तीचं दुकान, हाताले ग्रीस. पुस्तकाचं नाव काहाडलं तं हसला. "उरल्या प्रती उधईनं खाल्ल्या न बाई, वाळवीनं. तिनंच काय ते मन लावून वाचलं. तुमच्यापाशी हाये? वाचा बरं."

तिनं कागद काहाडले अन् वाचलं, जोडलेलं, सलग. बुढा आधी मान डोलवे. मंग मान थांबली. म्हने, "कोन होय हे बाई?"

"तुमची माय, बाबा."

"माही माय नोय. एवढं सलग बोलली असती तं माही माय तवाच मेली असती."

माहेनूरनं पहिलं पान पुन्हा वर घेतलं. म्हने, "आनखी एकदा वाचू?" अन् डोये मिटून वाचाले लागली... पन आता तिच्या मायसारखं! रुई उडे. थांबली. नाकात जाये. थांबली, छाती भरली. मुकादम म्हने. थांबली. खोकू नोको... तुमाले सांगतो, त्या टिनाखाली, त्या उन्हात, माहे पाय गार पडले. आवाज त्या पोरीचा नोयताच. बुढ्यानं हातातला पाना खाली ठेवला, पेन्सिल घेतली, अन् कागदावर रेघा मारत गेला. "अहां, अथी नाही, अथी खोकली होती. अथी पानी पेली. अथी माह्याकडे पाह्यलं." ती वाचे, तो तोडे. ती वाचे, तो तोडे. जे आमी जोडलं ते सबन दोघाइनं मिळून तोडलं!

अन् मंग ते वाक्य आलं. तिनंच पूर्णविराम टाकलेलं: "धाकटी रुईत निजली. उठली नाही मी, काम केलं."

बुढ्यानं हात वर केला. मंग म्हने, "तथी मी अर्धं पान कोरं सोडलं होतं न बाई? ते कोठी गेलं?"

आता काय सांगाचं? मशीननं भरून काहाडलं!

म्हने, "धाकटी म्हंजे माही बहीन. माय तिले रुईच्या ढिगावर निजवे. वरून ढीग सरकला, रुई बसली नाकातोंडात. 'धाकटी रुईत निजली, उठली नाही.' एवढं माय बोलली अन् थांबली. मी पेन धरून बसलो. वाटे आता बोलन, मंग बोलन. दिवा लावाची येळ झाली. मंग बोलली, 'मी काम केलं.'"

एक स्वल्पविराम, बाप्पा! एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, अन् मेलेली पोट्टी गायब! बाई बसून काम करून राह्यली, बाकी काही झालंच नाही! माहेनूरनं कागद मांडीवर ठेवले. मंग म्हने, "बाबा, मी तिचं मरन खाऊन टाकलं."

बुढ्यानं ग्रीसचा हात तिच्या डोक्यावर ठेवता ठेवता वरच धरला, पदर खराब होईन म्हून. म्हने, "राहू दे माय. चुकीनं का होईना, तुह्या कागदावर ते जिती राह्यली न इतके दिवस."

परत येताना एष्टीत ती निजली. कितीक दिवसांनी निजली. श्वास कसा सरळ. मीच जागा, ऐकत बसलो... आता कोनाचा, हे नोका इचारू.

फाईल नव्यानं बनली. ओळी तोडल्या, अर्धं पान कोरं सोडलं, मुंबईले धाडली. अन् तिकडून उत्तर! "ओळी अकारण तुटल्या आहेत. एका पानावरील मजकूर गहाळ आहे. कृपया जोडून पाठवावे." किसनराव लाल! "म्हनत होतो का नाही? ओळ तुटली म्हून वाक्य तुटत नाही! बियाण्यात गेलो, आता पुस्तकात बी जातो का मी?"

माहेनूरनं कागद त्याच्या समोर ठेवला. म्हने, "भाऊ, मोठ्यानं वाचा. जथी ओळ तुटते तथी थांबा." किसनरावनं वाचलं. आधी रागारागानं, मंग हळू. धाकटीपाशी आला, अन् खाली कोरं पान. थांबला. थांबलाच. मी पाह्यलं, मानसाची छाती वरखाली होऊन राह्यली. पानी मांगलं. गिलास हातात तसाच. मंग कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हने, "अथी कोन धापा टाकून राह्यलं?" माहेनूरनं माह्याकडे पाह्यलं, मी छताकडे पाह्यलं.

मंग किसनरावनं स्वता कंप्युटर घेतला. जथी पुस्तकाचा प्रकार लिहा लागते तथी 'आठवणी' होतं, ते पुसलं, अन् एका बोटानं टकटक करत लिहिलं, 'कविता'. अन् धाडून देल्लं.

पास! एक शब्द इचारला नाही! वरून तेच बाई, तोच श्रीखंडी आवाज: "फारच सुंदर काव्यसंग्रह आहे हं!"

सहदेवले फोन करून सांगितलं, तुमची माय आता कवयित्री झाली. बुढा एवढा हसला का त्यालेच ठसका लागला. म्हने, "मुकादमाले समजलं असतं तं रोजी कापली असती तिची!"

मले राहावलं नाही. मी किसनरावले इचारलं, "भाऊ, तेच पुस्तक, त्याच ओळी, तेच कोरं पान. आठवणी होत्या तं चूक, कविता म्हटलं तं बराबर! हे कसं?"

किसनराव उदबत्ती लावत होता. मांगं न पाहता म्हने, "देवमन, कवितेत चूक काहाडाची म्हंजे आधी वाचा लागते बावा... अन् एवढा दम कोनापाशी हाये?"