फडताळातला राउटर

— बिघाड बिघाड काय लावलंय? लाक्राला स्पेनमध्ये बसून माझ्या घरातलं काय दिसतंय? तक्रार तिने केली तुमच्या ऑफिसात, मी नाही. मी तिला सांगितलं होतं, इमारत जुनी, वायरी जुन्या, आपोआप जातं, आपोआप येतं — पण माझीच मुलगी ती, ऐकते कुणाचं? ये, आलायस तर ये. बूट काढ. सपाता तिथे आहेत, निळ्या घाल. आणि मागची खिडकी लाव बघू, दोन्हीकडून वारं आलं की माझी मान धरते. बस आधी. चेरीचा मुरंबा देते चमचाभर आणि गार पाणी — नको कसं? या घरात कुणी तोंड गोड न करता कामाला हात लावत नाही. दोन वर्षांपूर्वी नवा राउटर बसवायला आलास तेव्हा तीन चमचे खाल्ले होतेस. तिबेरियूच ना तू? बघ, माझं डोकं शाबूत आहे अजून. आणि मला आजी म्हणू नकोस, आजी मी एकट्या इलिंकाची. तुला अग्लायाबाई.

हा, तो राउटरवरचा रुमाल. उचल, उचल. माझ्या हातचा क्रोशा आहे, टीव्हीवर आहे, रेडिओवर आहे, मग यानेच काय पाप केलं? गरम होतो? बरं बाबा, काढते. आता झालं ना? नाही? दिवे तर लागलेत की सगळे हिरवे — मग बिघडलंय काय? हिरवे दिवे म्हणजे काही नाही म्हणतोस. बरं. खा तो मुरंबा. घाई काय आहे, आत्ता कुठे पावणेपाच. फोन सहाला आहे. म्हणजे व्हिडिओचा. इलिंका नाचाच्या क्लासला गेलीय, साडेपाचपर्यंत यायची नाही.

तुला सांगितलं नाही लाक्राने? मग उगाच नाही तू इतका निवांत. अरे, सहा वर्षं झाली लाक्रा तिकडे आहे, कास्तेयोनला, संत्र्यांच्या गोदामात. गेली तेव्हा पोर चार वर्षांची. माझ्यापाशी ठेवून गेली, सांभाळाचा कागद माझ्या नावावर. आणि आता म्हणते, इलिंकाला पाठव, कायमची. तिकडे शाळेत जागा मिळालीय, पण वकीलबाईंना आधी पोरीला समोर बघायचंय, तिच्या तोंडून ऐकायचंय, मग माझ्या तोंडून — की हो, माझी हरकत नाही. साध्या फोनवर चालत नाही, चेहरे दिसायला हवेत. आज काय वार? गुरुवार. उद्या शाळेची मुदत संपते. आज बोलणं झालं नाही तर जागा गेली, आणि पोर पुढचं वर्षभर इथेच. आता तूच सांग, कुणाच्या जिवावर आलंय हे — ते जाऊ दे. तू तुझं काम कर.

कधीपासून? नऊ दिवस. तीनदा ठरवला फोन, तीनदा गेला. नवीन काही जोडलंय का? मी? मी काय जोडणार, सत्तरीची बाई. हां, जोडणी माझ्या हाताची होती एकेकाळी, ते खरं. सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते मी, इथेच ब्राइलात. ही वायर या भोकात, ती त्या भोकात — बोला, बुखारेस्ट जोडलंय. एका माणसाला ताटकळत ठेवलं नाही कधी. म्हणून तर लोक — काय? काय दिसतंय तिथे? मला चष्म्याशिवाय दिसत नाही, वाचून दाखव. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, एक. बरं, मग? गेटवे. म्हणजे? सरळ माणसांच्या भाषेत सांग ना. घराबाहेर जायचं दार. तुझा लॅपटॉप म्हणतोय बाहेर जायचं दार शून्य-एकला आहे. आणि राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर काय आहे? एक-एक. मग चिठ्ठी जुनी असेल. किंवा तुमच्या ऑफिसाने आकडा बदलला असेल, तुम्ही लोक काय सांगून करता थोडंच?

शून्य-एक उत्तर देतोय? म्हणजे आहे तो. मग झालं तर. उत्तर देतोय पण पुढे जाऊ देत नाही — असं कसं? म्हणजे दार आहे पण दाराबाहेर काही नाही. हं. आणखी चमचाभर घेतोस? अरे, तिकडे काय बघतोस राउटरच्या मागे, कोळिष्टकं असतील, मी आठवड्यात पुसलं नाही. एक वायर बाहेरून आलीय, बरोबर. दुसरी? दुसरी टीव्हीची असेल. नाही? कपाटामागून जाते? जाऊ दे की, जुन्या वायरी आहेत या भिंतीत, माझा नवरा होता तेव्हाच्या, त्यांना हात लावलास तर अख्ख्या जिन्यातली वीज — तिबेरियू, ते फडताळ आहे, तिथे खाण्याच्या वस्तू आहेत. तिथे तुझं काही काम नाही. वांग्याच्या बरण्या आहेत, हिवाळ्याची सगळी बेगमी — सावकाश, ती फुटेल! सावकाश म्हणतेय ना.

...

हो. आहे. जुना राउटर. तुझाच, दोन वर्षांपूर्वी काढलेला. टाकवला नाही माझ्याच्याने, मी चांगली वस्तू टाकत नाही. आणि तूच म्हणाला होतास जाताना, या दारात उभा राहून — अग्लायाबाई, याला पुन्हा जोडू नका, तो स्वतःला घरचा मालक समजतो, सगळ्यांना भलतंच दार दाखवेल. मी ऐकलं. नीट ऐकलं. सव्वीस वर्षं ऐकायचाच पगार घेतला मी. तेव्हा असं बघू नकोस माझ्याकडे. मी जोडला, गेल्या आठवड्यात बुधवारी, बरण्यांच्या मागे. काय करायला हवं होतं मी? नाही म्हणायला हवं होतं? आईला नाही म्हणायचं, की तुझी पोर देत नाही? वकीलबाईंसमोर? कागद माझ्या नावावर असला तरी तोंड माझं कुणी ऐकून घेतलं असतं का? चार वर्षांची होती रे. आपल्याहून मोठी उशी छातीशी धरून झोपायची. तिचे दुधाचे दात माझ्या ओंजळीत पडले, एकेक. गोवर मी काढला. आणि आता तिकडून एक बाई पडद्यात येणार आणि म्हणणार हो का नाही ते सांगा. मला ते सांगायचंच नव्हतं. बस. एवढा एक दिवस ढकलायचा होता.

काढलास? काढ. आता लपवायचं काय राहिलं. ऑफिसात सांग हवं तर, लिही कागदावर, म्हातारीने केलं. चालू झालं? एक-एक दाखवतोय. म्हणजे बाहेर जाता येतंय. बरं. छान. उत्तम काम करतोस तू, तुझ्या आईला सांग. आता ऊठ.

टॅब कशाला? लॅपटॉपवर चालतंय ना. हो, बोलणं टॅबवरच व्हायचंय, लाक्राने पाठवलाय तो, इलिंकाचा आहे. घे. चार आकडे टाकायचे, तिची जन्मतारीख — उघडला? मला एवढंच येतं त्यातलं, उघडायचं आणि फोन वाजला की हिरवं बटण. काय? अजूनही नाही? कसं नाही, आत्ता तर म्हणालास — मी काही केलेलं नाही! तिबेरियू, आईशप्पथ, याला मी हात लावलेला नाही. मला यात काय लावायचं तेच कळत नाही. तू बघ. बघ काय ते. ... हातानं लिहिलंय? म्हणजे काय हातानं? बाकी सगळ्यांना राउटर आपणहून दार सांगतो, आणि याच्यात कुणीतरी आत जाऊन दाराचा आकडा स्वतः टाकलाय. एक-सात. एक-एकच्या ऐवजी एक-सात. आणि एक-सातला कुणी राहतच नाही. आपोआप होत नाही असं? पडला, आपटला, बॅटरी उतरली — नाही? कुणीतरी चार ठिकाणी दाबून, वाचून, लिहून, जतन केलंय.

शाळेत शिकवतात हे? चौथीत?

थांब. तारीख दिसते का तिथे, कधी बदललं ते? नाही दिसत. नको, मला माहितीय. पहिला फोन गेला तो गेल्या आठवड्यात, मंगळवारी. मंगळवारी! आणि मी राउटर जोडला बुधवारी. मंगळवारचं मी केलंच नव्हतं रे. मला वाटलं देवाने केलं. मेणबत्ती लावली मी चर्चमध्ये जाऊन, आणि परत येताना सुचलं, देवाने एकदा केलं, आता पुढचं आपण करावं. आणि ती — मंगळवारी तिने दोन वाट्या सूप प्यायलं. गाणं म्हणत भांडी पुसली. नऊ दिवस त्या टॅबवर कार्टून लागलं नाही आणि एकदाही कुरकुर नाही, माझ्या इलिंकाची, जी दोन मिनिटं थांबत नाही! मला तेव्हाच कळायला हवं होतं. आम्ही दोघी एका टेबलाशी बसून जेवत होतो, दोघींनी आपापलं दार बंद करून ठेवलेलं, आणि वर म्हणत होतो, या कंपनीच्या लोकांना काही येत नाही.

बघितलंस? तिलाही नाही जायचं! तिला आजी हवीय. राहू दे तो आकडा. राहू दे म्हणते ना, बोट काढ तिथून. ऑफिसात लिही, जुन्या वायरी. तुला काय फरक पडतो? लाक्राला मी सांगेन, माणूस आला होता, त्यालाही जमलं नाही. पोरीने स्वतःच्या हाताने सांगितलंय तिला काय हवंय, आणखी काय ऐकायचंय वकीलबाईंना? दहा वर्षांच्या पोरीने घर निवडलं, मला निवडलं —

काय म्हणालास?

का निवडलं म्हणजे? हा काय प्रश्न झाला. माया आहे. सहा वर्षं कुणी केलं तिचं? ... असं गप्प बसू नकोस तू. एक्स्चेंजवर मला सगळ्यात कसली भीती वाटायची माहितीय, लाइन चालू आहे आणि पलीकडे कुणी बोलत नाही. बोल काहीतरी.

मी तिला सांगितलं होतं. ईस्टरच्या वेळी. लाक्राला तिकडे मुलगा झालाय, आठ महिन्यांचा. इलिंका विचारत होती, मला कुठे झोपवतील, बाळाच्या खोलीत का? आणि मी कणीक मळत होते, वर बघितलंसुद्धा नाही, म्हटलं, तुला कुठली खोली, स्वयंपाकघरात टाकतील गादी, त्यांना आता बाळ आहे, तुझी काय गरज. सहज म्हटलं रे. मनाला बरं वाटलं क्षणभर. तिने काही विचारलं नाही पुढे. त्यानंतर फोनवर आईशी तीनच शब्द — हो, नाही, बरी आहे. आणि लाक्राला वाटतंय पोर विसरली तिला. रडायची बिचारी, मला ऐकू यायचं. मी म्हणायचे, मुलं विसरतातच गं. खोली आहे तिथे. फोटो पाठवलाय लाक्राने, पिवळ्या भिंती, खिडकीशी टेबल. पत्रातून आला तो, माझ्या कपाटात आहे. इलिंकाला दाखवला नाही मी. आज दाखवीन, उद्या दाखवीन करत नाहीच दाखवला.

म्हणजे तिने मला नाही निवडलं. ती आपल्या आईला घाबरलीय. माझ्यामुळे. ईस्टरपासून माझं लेकरू मनात धरून बसलंय की आपण कुणाला नको आहोत, म्हणून तो आकडा. आणि मी मेणबत्त्या लावतेय.

टाक. एक-एक टाक. टाक लवकर, माझं मन फिरायच्या आत. जतन केलंस? चालतं? बघू — हो, कार्टून लागलं. किती वाजले? पाच पस्तीस. तो जुना राउटर घेऊन जा तुझ्याबरोबर, फेकून दे, नदीत टाक, मला या घरात नको. आणि हा झाकुस्का, एक बरणी — घे म्हणते ना, वांग्याचा आहे, पावावर लाव. पाठीमागच्या जिन्याने उतर. ती समोरून येते, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत, ऐक, ऐकलंस? तिसऱ्या मजल्यावर आली. नको, तू काही बोलू नकोस तिला. तिच्या आकड्याबद्दल तुला काही माहीत नाही. दार ओढून घे जाताना. जा, तिबेरियू, जा आता.

— आलीस? बूट काढ, राणी. नाही, जेवण नंतर. इकडे ये, माझ्याजवळ बस. सहाला आईचा फोन येणार आहे, आज लागेल, दुरुस्त झालंय. घाबरू नकोस. त्याच्या आधी तुला एक खोली दाखवायचीय, आणि मी तुझ्याशी जे खोटं बोलले —