करुणाने चोरलेलं गवत

मंडळी, आज कीर्तनाच्या सुरुवातीलाच एक घरातला प्रश्न विचारतो. घरी पाहुणा यायचाय, सगळ्यांच्या जिवाभावाचा पाहुणा. आणि त्याची वाट बघता बघता घरातलं लेकरूच रडवेलं झालं, तर त्याला वाट बघणं म्हणायचं, की पोलीस चौकी म्हणायची?

पेटीवाले, हसू नका. आगमनकाळ तुमच्याही घरी असतो. नाताळाआधीचे चार रविवार. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची, गायचं, प्रार्थना करायची, प्रभू येणार म्हणून आनंद करायचा. आणि आपण काय करतो? भिंतींना रंग, पडद्यांना इस्त्री — आणि पोरांना दम!

तर ऐका. नेवाशाजवळच्या एका गावात सुगंधा साळवे नावाची बाई राहायची. शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारी देवळात पोरांना बायबल शिकवतात तिथे, शिकवायची. बाई वाईट नव्हती हां. श्रद्धाळू, कष्टाळू, पोरांवर जीव टाकणारी. नवरा दानीएल एसटीवर ड्रायव्हर. मुलगा एलिया अकरा वर्षांचा आणि करुणा सातची.

त्या वर्षी सुगंधाने ठरवलं, यंदा आगमनकाळ घरात नीट पाळायचा. फळ्या ठोकून तिने छोटी गव्हाण केली, मेणबत्त्यांशेजारी ठेवली. म्हणाली, "दिवसभरात ज्याने चांगलं काम केलं, त्याने संध्याकाळी गवताची एक काडी आत टाकायची. नाताळाला बाळ येशूसाठी मऊ अंथरूण झालं पाहिजे."

किती गोड कल्पना! पोरं हरखली. करुणाने शेजारच्या राहीबाईच्या कालवडीला पाणी पाजलं, काडी टाकली आणि घरभर गात फिरली.

पण पुढे काय झालं? एक दिवस करुणाच्या हातून दूध सांडलं. सुगंधा म्हणाली, "तुझी एक काडी मी काढून घेते. लक्षात राहील." झालं, पायंडा पडला. उलट बोलली — काढ काडी. ताटात भाजी टाकली — काढ काडी. प्रार्थनेत डोळे उघडले — काढ काडी! आता मला सांगा, तिचे डोळे उघडे होते हे कुणाला दिसलं? ज्याचे स्वतःचे उघडे होते त्यालाच की! एलियाने सांगितलं, "आई, हिने डोळे उघडले." आणि आई काय म्हणाली? "शाबास. खरं सांगितलंस. टाक एक काडी."

चहाडीला बक्षीस, मंडळी! तेही प्रभूच्या अंथरुणात! मला संताप येतो तो याचाच. ज्या घरात बहीण-भावाने हातात हात घालून गायचं, तिथे भाऊ बहिणीवर पाळत ठेवायला लागला. आणि आईला वाटतंय, पोरांना वळण लागतंय.

करुणाने गाणं सोडलं. संध्याकाळ झाली की ती आईच्या हाताकडेच बघत बसायची.

एके दिवशी दारात राहीबाई उभी. एका हातात करुणाचा दंड. करुणाच्या फ्रॉकच्या ओच्यात गवत.

"सुगंधाबाई, पोर बघा तुमची. माझ्या गंजीतून गवत उपसत होती. मागितलं असतं तर मी काय नाही म्हणाले असते?"

सुगंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्बाथशाळेच्या बाईची पोर चोर? तिने हात उगारला. करुणा मागे सरकली नाही. ओचा मात्र घट्ट धरला.

"मला मार आई, पण गवत घेऊ नकोस."

"का चोरलंस?"

"गव्हाणीत माझी एकच काडी राहिलीय. मी कितीही चांगली वागले तरी तू काढतेस. बाळाला फळी टोचेल. मी वाईट आहे, पण बाळाने काय केलंय?"

उगारलेला हात तसाच राहिला. मंडळी, सात वर्षांच्या पोरीला आपण वाईट आहोत हे पटलं होतं. कुणी पटवलं? सैतानाने? नाही हो. रोज संध्याकाळी प्रार्थना घेणाऱ्या आईने!

सुगंधा खाली बसली. म्हणाली, "बाळ, चोरी चुकीचीच. पण तुझ्यावर ही वेळ मी आणली. माझं चुकलं." मग पोरीचा हात धरून ती राहीबाईसमोर उभी राहिली. "राहीताई, हे गवत परत घ्या. आणि आम्हाला थोडं द्याल का?" राहीबाईने गवताला हातही लावला नाही. "ठेवा ते. अजून लागलं तर सांगा," म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

त्या संध्याकाळी सगळं गवत गव्हाणीत गेलं. सुगंधाने सांगितलं, आता कुणाचीही काडी निघणार नाही. एलिया गोंधळला. "मग मी काय सांगू?"

"हिचं चांगलं काय पाहिलंस ते सांग."

तो म्हणाला, "हिने मला खोडरबर दिलं. मी मागितलं नव्हतं तरी."

झालं का मग सगळं ठीक? छे! मोडायला क्षण लागतो, जोडायला नाही. आईचा हात गव्हाणीकडे गेला की करुणा दचकायची. गात तर नव्हतीच.

मग रविवार आला. दानीएलला सुट्टी होती. मेणबत्ती लावली आणि त्याने हंडा उपडा घालून ताल धरला —

दार उघडले, दिवा लाविला, ये रे बाळा घरी,
तुझ्यासाठी रे जागा केली आमुच्या उरी.

ताल कसला, खड्ड्यातून गाडी नेल्यासारखा. करुणाच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, ताल चुकला." आणि तिने घाबरून आईकडे पाहिलं. उलट बोलले की काय?

सुगंधा हसत होती. "चुकलाच की. तू शिकव त्यांना."

करुणा हंड्याजवळ सरकली, बापाचे हात धरून ताल लावून दिला आणि गायला लागली. सुगंधा तिच्या मागून एकेक ओळ म्हणत गेली.

आता तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका, वर बघा. उद्या घरी मेणबत्ती लावाल, तेव्हा आधी लेकराचं तोंड बघा. भेदरलेलं असेल तर मेणबत्ती राहू द्या, लेकराला मांडीवर घ्या. लाज वाटू द्या जरा! प्रभू काही आपल्या घरी तपासणीला येत नाही, तो लेकरू होऊन येतोय. जे लेकरू आधीच घरात आहे ते तुमच्या पावलांनी दचकत असेल, तर दुसरं कशाच्या भरवशावर येईल?

पेटीवाले, सूर द्या. पोरांनो, तुम्ही पुढे या, हेच पद म्हणू. आणि आयांनो, बापांनो, पोरं बेसूर झाली तर कुणीही डोळे वटारायचे नाहीत.