माजरीकडचे तीन पंप

मशिनींनी एकमेकींवर आंधळा भरोसा ठेवू नये, या संशोधनात मी काऊन शिरलो म्हनता? अरे, माजरीकडच्या एका खाणीतल्या तीन पंपायनं डोकं खाल्लं माहं! पाणी उपसाले होते ते. मी नवा इंजिनिअर. अशी जोडणी केली का एक चालू असला तर बाकी दोघं आपोआप बंद राहतीन. एक दिवस पयल्याची मोटर फिरून राह्यली, पन पाणी थेंबभर येईना. त्यानं 'चालू हाओ' कळवलं, बाकीचे दोघं निवांत! खाणीत कमरेएवढं पाणी चढलं. मी पंपवाल्या रहीमभाऊवर भडकलो, "तुमाले पाणी दिसलं नाई काय?"

"दिसलं न, साहेब. तीनदा सांगाले आलो. तुमीच म्हनलं, टेबलावरचा पंपाचा हिरवा दिवा लागून हाये, जा."