गप्प माणसाची दोरी

माझी झोप उडाली ती पोरीच्या खोकल्याने नाही, टेलिफोनच्या दोऱ्यांनी! अकोल्याच्या एक्सचेंजात मी नवीन ऑपरेटर आणि तिथला दोऱ्या खुपसून फोन जोडायचा बोर्ड माझ्याहून म्हातारा. बोलणं संपलं की लोकांनी हँडल फिरवून कळवायचं, पण कोणीच कळवत नसे. त्यामुळे बोलणारा एक नाही, तरी दोऱ्या सगळ्या अडकलेल्या! नवा फोन जोडायचा कशाने? मग मी शहाणपणा केला. कान लावायचा, आवाज नसला की दोरी काढायची.

तिसरी दोरी काढली आणि जुन्या शहरातले एक व्यापारी पुन्हा हँडल फिरवून कडाडले, "बाई, लाइन काहून तोडली?"

"तुम्ही बोलत नव्हतात ना..."

"सून बाळंतपणात अडली हाय दवाखान्यात! नर्सबाई पाहून येतो म्हणून गेली, मी थांबून राहिलो होतो!"

साहेबांनी बजावलं, "आणखी एक तक्रार आली तर घरी बसा. आणि दोऱ्याही मोकळ्या ठेवा."

दोन्ही कसं जमायचं? संध्याकाळी वेणी घालताना चार वर्षांच्या लेकीलाच विचारलं, "गप्प माणूस फोनवर आहे की गेला, कसं ओळखायचं गं?"

ती म्हणाली, "त्याले जेवले काय म्हणून विचार ना, आई."