मानपत्रातली एक ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माजी प्राचार्य मारुतीराव सर. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. वाचनालयाचे हरहुन्नरी चिटणीस युवराज. आणि हक्काच्या रविवारी घरची कामं बाजूला सारून इथं आलेल्या तमाम निपाणीकर बंधू-भगिनींनो, आपणां सर्वांना मनापासून नमस्कार.

सत्काराला उत्तर द्यायचं असतं म्हणे. अंगावर शाल, मांडीवर नारळ, हातात मानपत्र. अशा अवस्थेत माणूस काय उत्तर देणार? तो मान डोलावणार. पण मी बावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक राहिली तरी मला जेवण जात नसे. आणि या मानपत्रात चूक आहे. तिसरी ओळ बघा. 'रंगांचे जादूगार, चित्रकार नागेंद्र.' ही ओळ मला घेता येत नाही. का, ते आज सांगून टाकतो. ऐकल्यावर तुम्ही शाल काढून घेतलीत तरी माझी तक्रार नाही. ज्यांचं आहे त्यांना मिळावं, एवढंच मागणं आहे.

मंडळी, मला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही.

पाहुणे दचकले! दचकायचंच. रानफुलांची साठ रंगीत चित्रं असलेलं पुस्तक काढणारा माणूस रंगांधळा कसा? मलाही हे विसाव्या वर्षी कळलं. रेल्वेच्या नोकरीसाठी हुबळीला मेडिकलला गेलतो. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पान पुढं धरलं आणि विचारलं, "यात आकडा किती?" मी म्हटलं, "कुठला आकडा?" झालं. घरी येऊन सांगितलं की लेखी परीक्षेत नापास झालो. पुढं ड्राफ्ट्समन झालो, कारण तिथं काळी रेघ पांढऱ्या कागदावर. रेघ मला दिसते. पानाची शीर, देठावरची लव, पाकळीची दुमड हे मला तुमच्यापेक्षाही बारीक दिसत असेल. रविवारी घरी आलो की घडीचं स्टूल आणि डबा घेऊन तवंदीच्या माळावर जाऊन बसायचो आणि पेन्सिलीनं रानफुलं काढायचो. एका मासिकानं ती छापली आणि पत्र पाठवलं, 'पुढची चित्रं रंगीत द्या.' आता आली का पंचाईत?

त्या माळावर एक बाई दोन शेळ्या घेऊन यायच्या. सुलाबाई भीमाप्पा मधाळे. आज त्या तिसऱ्या रांगेत नात पारमितासोबत बसल्या आहेत. आक्का, मान खाली घालू नका. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं पानं निवडण्याचं काम त्यांनी केलं. पान हातात आलं की रंगावरून ते कुठल्या ढिगात टाकायचं, हे या बाई बोलता बोलता ठरवत. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "आक्का, हे फूल कसल्या रंगाचं म्हणायचं?"

"तुला दिसंना व्हय?"

"दिसतंय. पण तुम्ही काय म्हणता ते ऐकायचंय."

"लई शिकलेली माणसं तुमी," म्हणाल्या आणि टेकल्या. तिथून आमची पद्धत पडली. ट्यूबवरचं नाव वाचून मी रंग कालवायचा, बशी फुलाशेजारी धरायची, आणि आक्कांनी सांगायचं. "अजून तांबडं घाल." "आरं, लई झालं! पाणी मार." "हां. भाजल्या शेंगंच्या टरफलाचा हाय बघ, तसा झाला." सतरा वर्षं पावसाळ्यातल्या दर रविवारी हे असंच चाललं. एकदा ट्यूबांवरची लेबलं पावसात भिजून निघून गेली आणि आक्का यायच्या आत मी शहाणपणानं तेरड्याची पानं रंगवून टाकली. आक्कांनी कागद बघितला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पानास्नी गोवर आला काय रं, अण्णा?" मी हसून वेळ मारून नेली. रंग दिसत नाही असं कळलं तर चित्राचं काम कोण देणार, हीच भीती. ती मी बायकोपासून लपवली नाही, पण आक्कांपासून लपवली.

एक मात्र होतं. कुतूहल जाईना. तुम्ही सगळे रोज बघता, तर सांगा ना, लाल म्हणजे नेमकं काय असतं हो? मी आक्कांना आडून आडून विचारायचो. त्या म्हणायच्या, "आता हे काय इचारणं झालं? मिरचीच्या रानाकडं लांबनं बघ. पिकल्याली मिरची आपणहून डोळ्यात शिरती." मी घरी जाऊन कुंडीतल्या मिरचीच्या रोपापुढं तासभर बसलो. एक मिरची शिरेना. शेवटी हातानं चाचपून काढली. तरी दर खेपेला वाटायचं, आज आक्का असं काही सांगतील की मला कळेल. ते वाटणंच मला परत माळावर घेऊन जायचं.

आता मारुतीराव सरांनी मघाशी काढलेल्या चिमट्याकडं येतो. 'पुस्तक वर्षभर उशिरा आलं, कलावंताचा आळस,' असं सर म्हणाले. सर, आळस नव्हता. गेल्या वर्षी चित्रं छापायला जायची होती, त्याच्या आधी आक्कांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्या-दीड महिन्यानं काळा चष्मा लावून त्या घरी आल्या. हौसेनं चित्रं मागितली. चष्मा काढून एकेक बघायला लागल्या, आणि विष्णुक्रांतेच्या चित्रापाशी थांबल्या ते थांबल्याच. डोळ्याला पाणी. म्हणाल्या, "अण्णा, मी तुज्या पुस्तकाचं वाटोळं केलं रं. हे फूल निळं असतंया. ह्यो जांभळा हाय. पडदा आल्यापास्नं निळं न् जांभळं मला येकच दिसत हुतं. मला ठाव न्हवतं. पाच-सा वरसं मी तुला खोटं सांगिटलं."

मंडळी, ती बाई माझ्यापुढं गुन्हेगारासारखी उभी, आणि मी? मला अजूनही ते निळं आणि जांभळं वेगळं दिसत नव्हतं! लाल ओळखता येत नाही म्हटल्यावर जांभळ्यातला लाल तरी कुठून दिसणार? मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "आक्का, रडू नका. मला पहिल्यापासून दिसत नाही. सगळे रंग तुमचेच आहेत."

त्या खाली बसल्या. आणि मग अशा तापल्या, अशा तापल्या! "मग आधी का बोलला न्हाईस? मला वाटलं तुला म्हायत असतंय, तू नुसतं इचारतोस. तुला दिसत न्हाई म्हटल्यावर मी आनखी नीट बघिटलं असतं की!"

मला शरम वाटली. आजही वाटते. फसवणूक माझी, आणि त्यांना दुःख कशाचं, तर आणखी नीट बघायला हवं होतं याचं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही साठही चित्रं पिशवीत घालून माळावर नेली आणि एकेक फूल शोधून त्याच्याशेजारी धरलं. नऊ चित्रं चुकीची निघाली. ती नऊ परत काढली. विष्णुक्रांता ऊन चढलं की मिटते, म्हणून सत्तरीच्या आक्का सकाळची पहिली एसटी धरून तीन रविवार आल्या. सर, वर्ष त्यात गेलं.

म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी छापून घेतलं होतं: 'चित्रे: नागेंद्र. रंग: सुलाबाई भीमाप्पा मधाळे.' परवा प्रती आल्या. युवराजांनी ते वाचलं, त्यांना वाटलं छापखान्याची चूक आहे. चित्र एकाचं आणि रंग दुसऱ्याचे कसे असतील? मला न विचारता त्यांनी दोन दिवस खपून सगळ्या प्रतींवर, दुसऱ्या नावावर, पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. हेतू चांगला होता, मी रागावलो नाही. खोटं कशाला बोलू, रागावलो. तिथं एखाद्या प्रोफेसरबाईंचं नाव असतं, तर ते चूक वाटलं असतं का? युवराज, तुम्हीही विचार करा, मीही करतो. मीसुद्धा सतरा वर्षं तीच पट्टी लावून बसलो होतो.

तर आता माझी विनंती. तुमच्या हातात प्रती आहेत. पहिलं पान उघडा आणि नखानं पट्टी काढा. हळूच, कागद फाटेल. अध्यक्ष महाराज, आपणही. युवराज, तुम्ही काढून द्या पाहुण्यांना. निघाली? मागच्या रांगेतल्यांची निघाली? आता नाव मोठ्यानं वाचा.

धन्यवाद. वाचनालयाचे, पाहुण्यांचे, इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हां सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. रंगात काही चुकलं असेल तर मला विचारू नका. आक्का तिसऱ्या रांगेत आहेत, त्यांना विचारा.