तळ्याचं रेलिंग

आमच्या तळ्याला ते चकचकीत रेलिंग कुणामुळं आलं, ठाऊक हाय का? आमच्या शांतामामीमुळं!

तळ्याच्या सुशोभीकरणाची मीटिंग होती, मीबी मागं बसलो होतो. पुण्याचा आर्किटेक्ट पडद्यावर जॉगिंग ट्रॅक, बाकडी, कारंजं दाखवत होता आन् समदे नगरसेवक नुसत्या माना डोलवत होते. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका म्हंजी मामी. त्या तेवढ्या उठल्या.

"काठानं रेलिंग टाका, पार टोकापर्यंत. आन् वजन पेललं पायजे बरं का."

आर्किटेक्ट खूश. "वा मॅडम, मुलांच्या सेफ्टीचा विचार केलात!"

"व्हय, व्हय," मामी म्हणाल्या. "आन् पायऱ्या पाण्यापर्यंत न्या."

त्यानं तसंच केलं. उद्घाटन निघालं नेमकं घटस्थापनेच्या तोंडावर. त्या दिवसांत आपल्याकडं बाया घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून धुऊन काढतात, हे त्याच्या ध्यानात कुठलं यायला?

मोठे साहेब शिरूरचा कार्यक्रम उरकून फीत कापायला आले, तर तळंच दिसंना. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेलिंगवर गोधड्याच गोधड्या! खाली पायऱ्यांवर अख्खा वॉर्ड धुणं बडवतोय, आन् मधोमध मामी पदर खोचून उभ्या.

आर्किटेक्ट रडकुंडीला आला. "मॅडम, मी इथं फीत बांधली होती हो! कुठं गेली?"

"हाय की, त्या निळ्या गोधडीखाली," मामी म्हणाल्या. "पण आत्ताच पिळून टाकलीया. वाळंस्तवर साहेबांना चहा पाजा."